उस्तादाच्या गुडघ्यावरचा हात

बबनराव मिस्त्रींना ऐकू येत नाही, हे आर्णीत फक्त दोघांना ठाऊक होतं. एक भावसिंग आणि दुसरा मी. खुद्द बबनरावांना धरलं तर तिघं, पण स्वतःशी ते कबूल करायलाच त्यांनी दोन वर्षं घेतली. आणि गंमत अशी की त्यांची ख्याती होती ती कानाचीच. यवतमाळपासून उमरखेडपर्यंतच्या रस्त्यावर कोणाच्या गाडीखालून खट वाजलं, की लोक म्हणत, बबनरावाकडे न्या, त्याचा कान सोन्याचा आहे.

ते सोनं भावसिंगचं होतं. हे मी आज लिहितोय. लिहायच्या ऐवजी बोलायला हवं होतं तेव्हा मी काय केलं, तेही पुढे येईलच. गोष्ट भावसिंगची आहे. सांगताना मधूनच माझा आवाज चढला तर समजून घ्या, त्यातली निम्मी चीड माझी माझ्यावरचीच आहे.

मी भीमराज मुनेश्वर. गाड्यांच्या गाद्या, हूड, ताडपत्र्या शिवायचं माझं दुकान बबनरावांच्या गॅरेजला लागून होतं. छप्पनच्या दीक्षेनंतर माझ्या बापानं गावातली जुनी कामं सोडली. मेलेली ढोरं ओढणार नाही, असं पाटलाला तोंडावर सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून गावानं आमच्याशी बोलणंच टाकलं. मी शिवणयंत्र डोक्यावर घेऊन आर्णीत आलो. जागेसाठी सात दारं फिरलो. लोक आधी नाव विचारत, मग आडनाव विचारत, आणि मग जागा नाही म्हणत. आठवं दार बबनरावांचं. त्यांनी नाव विचारलंच नाही. एक फाटकी गादी पुढे टाकली आणि म्हणाले, "दोन टाके घालून दाखव." मी घातले. मेणाच्या दोऱ्याचा दुहेरी टाका, माझ्या हाताची तीच खूण. त्यांनी तो नखानं ओढून पाहिला आणि शेडची उजवी बाजू मला मोकळी करून दिली.

भावसिंग माझ्याआधी चार वर्षं तिथं होता. बंजारा, आर्णीपासून दोन कोसांवरच्या तांड्यातला. तांड्यातल्या माणसाला तेव्हा पेठेत पायरीपर्यंत येऊ देत, आत घेत नसत, आणि काही हरवलं की आधी त्याच्याकडे पाहत. बबनरावांनी त्याच्या हातात पाना दिला आणि त्याच आठवड्यात शेडची किल्लीही. म्हणजे बबनराव मुळातच वाईट माणूस होता, असं म्हणून मला सुटता येत नाही. तसं असतं तर ही गोष्ट लिहायची गरजच पडली नसती.

भावसिंग उंच होता आणि गाड्यांखाली शिरून शिरून पाठीत जरा वाकला होता. डोक्याला लाल पागोटं असायचं, ते दुपारपर्यंत ग्रीसनं काळं व्हायचं. बोलणं कमी. पण आजाचा विषय निघाला की गडी खुलायचा. त्याचा आजा लदेणीवर जायचा, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामागून मुलूख पालथे घालायचा. दोनशे बैलांच्या गळ्यांतल्या घंटांतून कोणता बैल लंगडतो ते आजा मागं न बघता सांगे, असं भावसिंग म्हणायचा.

"अबे, दोनशे?" मी विचारायचो.

"बरं, शंभर," तो म्हणायचा. त्याखाली मात्र उतरत नसे.

कानाचं खोटं नव्हतं, हे मी रोज पाहत होतो. गाडी आली की तो आधी मालकाचं काही ऐकून घेत नसे. मागच्या हौद्यात पोती भरायला लावायचा आणि स्वतः फळ्यांना कान लावून आडवा व्हायचा. बाभळीची एक वीतभर काडी दातांत धरायची आणि तिचं दुसरं टोक गाडीच्या सांगाड्याला टेकवायचं, असा त्याचा प्रकार. आवाज कानात येतो त्याआधी दातांत येतो, असं त्याचं म्हणणं. कुईं वाजलं तर पाटे, म्हणजे चाकावर गाडीचा भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, सुकलेत, तेल पाजा. खडखड झाली तर पाटे आवळून धरणारे बोल्ट सैल. आणि ब्रेक दाबताना एकदाच खट आणि गाडी पुन्हा उचलताना एकदाच खट झालं, की त्याचा चेहरा उतरायचा. ते दुखणं खोल असतं, म्हणायचा.

सत्तावन्नच्या सुमारास बबनरावांचे कान गेले. वीस वर्षं घणाखाली लोखंड बडवलं, त्याचं हे फळ. आधी गिऱ्हाइकाचं बोलणं चुकायला लागलं, मग भोंगाही ऐकू येईना. मिस्त्री बहिरा आहे हे फुटलं असतं तर गॅरेज महिन्याभरात बसलं असतं. उपाय भावसिंगनंच काढला. गाडीची फेरी घ्यायची तेव्हा बबनराव चालवत आणि भावसिंग शेजारी बसे, हात उस्तादाच्या गुडघ्यावर. बोट एकदा टेकलं म्हणजे पुढचं डावं चाक, दोनदा म्हणजे पुढचं उजवं, तीनदा मागचं डावं, चारदा मागचं उजवं. गाडीत काहीच वाजत नसेल, तर पंजा पालथा टेकवून ठेवायचा. मग बबनराव गाडी थांबवून उतरत, मिशीवरून हात फिरवत आणि मालकाला सांगत, "मागून उजवीकडं हाय." मालक थक्क.

सहा-सात वर्षं हे चाललं. एकदा मी भावसिंगला म्हटलं, "कान तुह्या, नाव त्याहीचं. तुले राग नाही येत?"

"मले कोण उभं करत व्हतं बे?" तो म्हणाला. "त्याहीनं उभं केलं. आता त्याहीले मी उभं करून राह्यलो. राग कायचा त्यात?"

या माणसाला राग यायला हवा होता, असं मला अजूनही वाटतं.

आता तांड्याचं. भावसिंगची आई तो लहान असतानाच गेली. त्याला वाढवलं थोरल्या बहिणीनं, मानीबाईनं. तांड्याच्या बोलीत बाई म्हणजेच बहीण, म्हणून तो तिला नुसतं बाई म्हणे आणि ती त्याला भिया. मानीबाईचा नवरा लवकर वारला होता. नवऱ्यामागे उतरवलेली चांदीची घुगरी, कानांवरून लोंबायची ती, तिनं फडक्यात बांधून जपून ठेवली होती. त्रेसष्ट साली तांड्यानं ठरवलं की सगळ्यांनी मिळून एक गाडी घ्यायची. कापूस बाजारात न्यायला, बायामाणसांना आर्णीला आणायला, अडलेली बाळंतीण यवतमाळला न्यायला. गाडी घेण्यासाठी पहिली चांदी मानीबाईनं काढून दिली. तिच्या मागून सगळ्यांनी.

गाडी हेरली ती सदाशिवरावांची पिकप. सदाशिवराव आमच्याकडचे सरकीचे बडे व्यापारी. पुढं दोघातिघांची केबिन, मागं उघडा हौदा, लढाईनंतर लष्कराच्या लिलावात निघालेली. दिवाळीआधी त्यांना ती विकून मोकळं व्हायचं होतं. तांड्याचे नायक फुलचंद म्हणजे शब्दाचे पक्के. ते गॅरेजात आले, गाडीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. भावसिंगकडे बघून म्हणाले, "आमाले गाडीतलं काही समजत नाही. तू म्हणशीन घ्या, तर घेतो. तू म्हणशीन नोको, तर नाही घेत." एवढंच बोलले आणि निघून गेले.

म्हणजे भावसिंगचा एक शब्द, आणि त्यावर तांड्यातल्या सगळ्या बायांची चांदी आणि त्या हौद्यात बसणारी सगळी माणसं.

पिकप तपासायला त्यानं पुरा एक दिवस घेतला. सरकीची पोती भरली, आडवा झाला, काडी दातांत धरली आणि नाल्यावरच्या फरशीवरून गाडी चारदा नेली-आणली. ब्रेक दाबला की एक खट, गाडी उचलली की एक खट. मागून उजवीकडे. दुपारी त्यानं गाडी जॅकवर चढवली. पाट्यांची चळत रॉकेलनं धुतली, पुसून कोरडी केली, वरून खडूची पूड मारली आणि विडी ओढत बसला. मीही काम टाकून बघायला गेलो. थोड्या वेळानं सगळ्यात लांब, वरच्या पाट्यावर, जिथं तो वळून डोळा होतो त्याच्या अलीकडे, पांढऱ्या पुडीत रॉकेलची ओली रेघ उमटली. केसाएवढी. फटीत मुरलेलं रॉकेल बाहेर आलं होतं.

"हा पाटा तुटनार," भावसिंग म्हणाला. "आज नाही तं उद्या. भरल्या गाडीत, उताराले, ब्रेक मारला का तुटनार."

बबनरावांनी ती रेघ पाहिली, अंगठा फिरवून पाहिली आणि मान डोलावली. नवा पाटा मागवू, तो बसल्याशिवाय गाडी जाणार नाही, असं त्यांनी भावसिंगला माझ्यादेखत सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला वणीला धाडलं. तिथं कोळशाचा एक ट्रक अडकून पडला होता, तीन दिवसांचं काम होतं.

तो गेला आणि दुपारी सदाशिवराव आले. गॅरेजची जागा सदाशिवरावांची, हे सांगायचं राहिलं. आमच्या त्या रांगेत प्रत्येकाच्या डोक्यावर दुसऱ्या कोणाचं तरी छप्पर होतं. माझ्यावर बबनरावांचं, बबनरावांवर सदाशिवरावांचं. दोघं बराच वेळ बोलत होते. बोलत होते म्हणजे सदाशिवराव बोलत होते आणि बबनराव त्यांच्या ओठांकडे बघत होते. नवा पाटा नागपूरहून यायला तीन आठवडे, दिवाळी दहा दिवसांवर, आणि जागेचा नवा करार दिवाळीनंतर. एवढं मलाही पत्र्याच्या भिंतीतून कळलं.

संध्याकाळी बबनराव माझ्याकडे आले. जिनिंगच्या यंत्राचा जुना जाड पट्टा मी गाद्यांखाली घालायला आणून ठेवत असे, कॅनव्हास आणि रबर एकात एक दाबलेला. त्यातली चार बोटं रुंद पट्टी कापून, दुहेरी करून शिवून दे, म्हणाले.

मी हातानं खूण करून विचारलं, कायले?

"पाट्यात घालतो," ते म्हणाले आणि दुसरीकडे पाहू लागले.

मला कळलं नाही, असं मी म्हणू शकतो. आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांना तसंच सांगितलं. पण मला कळलं होतं. नवा पाटा बसणार असेल तर आवाज दाबायला पट्टी कशाला लागेल? हे कळायला मिस्त्री असावं लागत नाही. मी पट्टी कापली, दुहेरी केली आणि मेणाच्या दोऱ्यानं शिवून दिली. टाका चांगला आला होता.

भावसिंग वणीहून परतला, तेव्हा पिकप जॅकवरून खाली उतरलेली होती. उजव्या बाजूचे पाटे काळ्या रंगानं चकचकीत, दोन नव्या क्लिपा आवळलेल्या, सगळीकडं ग्रीस, आणि प्रत्येक नटावर शेंदराचा ठिपका. हा ठिपका आमच्याकडच्या मिस्त्रींची रीत. तेलात शेंदूर कालवून ठेवायचा, आणि नट स्वतःच्या हातानं शेवटचा आवळला की त्यावर ठिपका द्यायचा. म्हणजे याची जबाबदारी माझी. दुसऱ्याचा ठिपका मोडून नट उघडायचा तर आधी त्याला विचारायचं, आणि उस्तादाचा ठिपका तर शागिर्दानं मोडायचाच नाही. मोडला तर त्याचा अर्थ एकच, मला तुमचा भरवसा नाही.

"नवा पाटा आला?" भावसिंगनं बोटांनी विचारलं.

"आला. मीच बसवला," बबनराव म्हणाले.

तो गाडीखाली शिरला. क्लिपांवरून त्यानं हात फिरवला, हे मी माझ्या यंत्रावरून पाहत होतो. ठिपक्यापाशी हात थांबला आणि मागे आला. तेव्हा मी उठून चार पावलं गेलो असतो तर? पण मी म्हटलं, त्याचा कान आहे ना, त्याला कळेल. मी कशाला मध्ये पडू? आपल्या भित्रेपणाला माणूस किती झटकन दुसऱ्याच्या मानाचं नाव देतो बघा.

तांड्याची माणसं गाडी न्यायला येऊन बसली होती, म्हणून पोती भरायचं राहिलं. रिकामीच फेरी घेतली. बबनराव चालवत होते, भावसिंग शेजारी. हे पुढलं त्यानं मला फार उशिरा सांगितलं. फरशीवर ब्रेक दाबला, काही वाजलं नाही. पुन्हा दाबला, नाही वाजलं. बबनराव रस्त्याकडे बघतच नव्हते, ते आपल्या गुडघ्याकडे बघत होते. भावसिंगनं पंजा पालथा टेकवला. बबनरावांनी सुटकेचा श्वास सोडला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली, "शाब्बास!"

ही शाब्बासकी कशाची होती, ते नीट समजून घ्या. बबनरावांनी फट झाकली, पण ती वाजते की नाही हे त्यांना कळणार कसं? कान नव्हते. आपली लबाडी साधली का नाही, हे त्यांनी भावसिंगच्याच कानानं तपासून घेतलं. ज्याला फसवायचं त्यालाच विचारलं, फसलास का? आणि त्यानं मायेनं गुडघ्यावर हात ठेवून सांगितलं, हो.

भावसिंग उतरला आणि नायकाला म्हणाला, "घ्या."

पाच आठवडे गाडी छान चालली. मग कापसाच्या हंगामात, शुक्रवारी, तांड्याहून आर्णीकडे येताना ती नाल्याच्या उताराला लागली. हौद्यात कापसाची गाठोडी, वर पाच बाया. पुढं बैलगाडी आडवी आली म्हणून ब्रेक दाबला, आणि पाटा तुटला. मागची चाकं तिरपी झाली आणि पिकप कडेच्या खड्ड्यात कलंडली. चौघींना कापसानं वाचवलं. मानीबाईचा डावा पाय हौद्याच्या कडेखाली आला. यवतमाळला नेली, जीव वाचला. पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

पंधरा दिवसांनी तांड्याची नसाब बसली, म्हणजे त्यांची पंचायत. सेवालाल महाराजांच्या पांढऱ्या झेंड्याखाली सगळा तांडा. मानीबाई बाजेवर. बबनरावांना बोलावणं होतं. ते मला म्हणाले, चल सोबत. मी गेलो.

फुलचंद नायकांनी भावसिंगला उभं केलं. "आमी गाडीवर नाही, तुह्यावर भरवसा ठेवला व्हता. पाटा पहिलेच तडकेला व्हता, हे तुले मालूम व्हतं?"

"मालूम व्हतं," भावसिंग म्हणाला. "नवा बसवला, असं मले उस्तादानं सांगितलं."

सगळ्यांच्या माना बबनरावांकडे वळल्या. काय विचारलं ते त्यांनी ओळखलं. ते उठले, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "मी खोटं नाही बोलत. नवा पाटा भेटला नाही, म्हून जुनाच आवळला. पण गाडी पास कराची ते आवाजावरून. अन् मले आवाज येत नाही. सात वर्षं झाले, मी ठार बहिरा हाय. सगळ्या गाड्या हाच ऐकते. ही गाडी यानंच ऐकली अन् यानंच पास केली. इचारा त्याले, माह्या गुडघ्यावर हात कोनं ठेवला?"

सात वर्षं ज्या गुपिताला भावसिंगनं जिवापाड जपलं, बायकोलाही सांगितलं नाही, तेच गुपित या माणसानं भर सभेत काढलं. स्वतःची अब्रू घालवून का होईना, पण दोष शागिर्दाच्या गळ्यात घातला. मी आयुष्यात लबाड माणसं पुष्कळ पाहिली. खरं बोलून एवढा मोठा विश्वासघात केलेला माणूस तो एकच.

तांड्यात कुजबुज वाढली. मग एवढे दिवस लपवलं काहून? आणखी काय काय लपवलं असंल? सदाशिवरावांनी याले काय देल्लं? नायकांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "भावसिंग, हात तुह्या व्हता?"

भावसिंगचा उजवा हात सदऱ्याच्या खिशात होता. त्यानं बबनरावांकडे पाहिलंच नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, वाट पाहिल्यासारखं. सगळ्या सभेत एकटा मी होतो, जो उभं राहून म्हणू शकत होता की याला वणीला धाडून हे काम झालं, आवाज मुद्दाम दाबला गेला, पट्टी माझ्या हातची आहे. माझं छप्पर बबनरावांचं होतं. मी मूग गिळून माझ्या चपलांकडे पाहत बसलो. डाव्या चपलेचा अंगठा उसवला होता, तो मला अजून दिसतो.

"हो," भावसिंग म्हणाला. "हात माह्या व्हता."

"माह्या भियाले ऐकू आलं नसंल," मानीबाई बाजेवरून ओरडली. "पन ऐकून त्यानं लपवलं नाही. हे माह्याकडून लिहून घ्या."

लिहून कोण घेणार? नसाबीनं भावसिंगचं हुक्कापाणी वर्षभर बंद केलं. लग्नाच्या पंगतीत बसायचं नाही, कोणाच्या दारात पाणी मागायचं नाही. तो ज्या माणसांसाठी गाडी ऐकत होता, त्याच माणसांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. असं टाकलेलं असणं काय असतं ते मला ठाऊक होतं, आमच्या घरानं ते भोगलं होतं. तरी मी गप्प बसलो.

त्या दिवसापासून भावसिंगनं गॅरेजात पाय ठेवला नाही. पिकप त्यानं तांड्यातच बाभळीखाली नीट केली, नागपूरहून पाटा आणवून. पुढं तिथंच वाटसरू गाड्यांची कामं करू लागला. लोक शोधत जात. बहिऱ्या मिस्त्रीकडे मात्र कोणी येईना. वर्षाच्या आत बबनरावांनी शेड सोडली आणि लांब मुलीच्या घरी गेले. जाताना मला भेटले, काहीतरी बोलायचं होतं त्यांना. मी यंत्र चालवत राहिलो. त्यांना यंत्राचा आवाज येत नव्हता, पण माझा पाय हलताना दिसत होता.

नवा भाडेकरू आला, माझं दुकान राहिलं. एवढं सगळं ज्या छपरासाठी केलं ते टिकलं, यात काही शंका नको.

पासष्टच्या उन्हाळ्यात एक दिवस दारापुढच्या फरशीवरून खट्, खट् असा आवाज दुकानाकडे येऊ लागला. मानीबाई. काखेत सागाची कुबडी, शेजारी भावसिंग. दीड वर्षानं तो माझ्या दारात आला होता. जवळजवळ सगळे केस पांढरे झाले होते. मी घाईघाईनं बाक पुसला, चहा सांगायला निघालो.

"चहा नोको," तो म्हणाला. "काम हाय. कुबडी लय वाजते. घरात चालली का खट्, अंगनात गेली का खट्. दिवसभर मले तेच ऐकू येते. तिच्या खाली काहीतरी लावून दे."

"रबर लावतो ना. चांगलं जाड लावतो," मी म्हणालो आणि उठलो.

"रबर मी आनलं हाय."

त्यानं सदऱ्याच्या खिशातून एक पट्टी काढली आणि माझ्या यंत्रावर ठेवली. चार बोटं रुंद, ग्रीसनं काळी, दाबून दाबून चपटी झालेली. मधोमध पाट्याच्या काठाचा वळ. कडेनं मेणाच्या दोऱ्याचा दुहेरी टाका, एकही उसवला नव्हता.

मी त्या टाक्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "कधी सापडली तुले?"

"गाडी पडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. पाटे उघडले तवा."

"म्हंजे नसाबीत..."

"खिशात व्हती." तो शांतपणे बोलत होता, एखाद्या गाडीचं दुखणं सांगावं तसा. "दाखवली असती तं तुह्यं नाव निंगालं असतं. तुह्यं दुकान गेलं असतं. म्हनलं, त्याचं त्याले बोलू द्या. वाट पाह्यली मी."

मानीबाई बाकावर बसून पदरानं वारा घेत होती. तिला सगळं ठाऊक होतं की काहीच नव्हतं, ते तिच्या तोंडावरून कळेना. भावसिंगनं कुबडी तिच्या हातातून घेतली आणि माझ्यापुढं उलटी धरली.

"हेच लाव," तो म्हणाला. "आवाज चांगला दाबते हे. मी सोता ऐकला हाय."

मी पट्टी कापली, घडी घातली आणि कुबडीच्या टोकाला चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकली. दोन चुका वाकड्या गेल्या, त्या काढून पुन्हा ठोकल्या. तो उभाच होता. काम झाल्यावर त्यानं कुबडी जमिनीवर टेकवून पाहिली, बहिणीच्या काखेत दिली आणि म्हणाला, "चाल बाई."

ती उठली. दुकानाची पायरी उतरली, फरशी ओलांडली आणि रस्त्याला लागली. मी कान लावून बसलो होतो, पण कुबडीचा आवाज काही आला नाही.